गाडीत दुसरी बॅटरी: तीन रात्री गाडी हलणार नाही, फ्रिज बंद पडून चालणार नाही

रातवा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

मी रात्रीचे आवाज ध्वनिमुद्रित करते. रातवे, घुबडं, बेडूक, रातकिडे. त्यासाठी वस्ती, रस्ता आणि विजेच्या तारा यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाते. जनरेटर नेता येत नाही, त्याची घरघर फार लांबून माईकमध्ये शिरते. त्याच कारणाने रात्री गाडीचं इंजिनही सुरू करता येत नाही.

गेल्या वर्षापासून बाबा सोबत येतात. त्यांना इन्सुलिन लागतं, म्हणून ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज घेतला. मागच्या खेपेला तो गाडीच्या मूळ बॅटरीवरच चालवला. दुसऱ्या दिवशी पहाटे चावी फिरवली तर नुसतं टक-टक-टक. फ्रिजही बंद. बाबा एक शब्द बोलले नाहीत, औषधाचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. मी एकटी चालत निघाले, चौथ्या किलोमीटरला एक गाडी भेटली आणि त्यांच्या बॅटरीवर आमची गाडी सुरू झाली. ती सकाळ मला पुन्हा नको आहे.

गाडी डिझेल, चार वर्षांची. फ्रिजवर ४५ वॅट लिहिलंय. त्याशिवाय एलईडीची एक पट्टी तीनेक तास, दोन फोन, रेकॉर्डर रात्रभर आणि लॅपटॉप दिवसातून एकदा. पहिल्या संध्याकाळी पोहोचतो आणि चौथ्या दिवशी सकाळी निघतो. मधे गाडी जागची हलत नाही. थंडीत पठारावर गेलो तर पहाटे दंव गोठतं.

आता सल्ले. एक मित्र म्हणतो, दुसरी बॅटरी घे आणि प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून टाक. एका दुकानदाराने लिथियम घेऊन बॉनेटखाली बसवायला सांगितलं. तिसरा म्हणतो रिले बसव. बॅटरी कोणती, जोडायची कशी, वायर किती जाड, ठेवायची कुठे? हत्यारं हातात धरायची सवय आहे, मल्टीमीटर आहे. करताना घाई करणार नाही.


पायवाट

रिले बसवा. मी सात वर्षं वापरतोय. व्होल्टेजवर चालणारा रिले असतो. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज १३.३च्या वर गेलं की दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजिन बंद झाल्यावर १२.८च्या आसपास आलं की तोडतो. बटण नाही, लक्षात ठेवायला काही नाही. मागे साधी ७५ ॲम्पियर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) डीप सायकल, म्हणजे हळूहळू बराच वेळ वीज देणारी, बॅटरी आहे, आमचा फ्रिज लहान आणि आम्ही रोज गाडी हलवतो. माझी गाडी मात्र जुनी आहे, हे आधीच सांगतो. नव्या गाड्यांत काय असतं ते जाणकार सांगतील.

मित्राचं ऐकू नका. नुसतं जोडून टाकलं तर दोन्ही बॅटऱ्या एकदमच उतरतील आणि पुन्हा टक-टक-टक.


तारजोड

ताई, गाड्यांच्या वायरिंगचं काम मी बावीस वर्षं करतोय. तुमचा प्रश्न वाचला आणि पहिल्यांदा एक गोष्ट मनात आली, तुम्ही ती विचारलेली नाही. तिथूनच सुरुवात करतो, बाकीचं मागाहून.

केबलच्या दोन्ही टोकांना फ्यूज हवा.

अकरा वर्षांपूर्वी मी माझ्याच गाडीत मागे दुसरी बॅटरी बसवली. पुढच्या बॅटरीपाशी फ्यूज, त्याला लागून रिले, आणि तिथून १६ एमएमची (म्हणजे १६ चौरस मिलिमीटर तांब्याची) केबल इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून मागे. मागच्या बॅटरीपाशी फ्यूज लावला नाही. डोक्यात एकच, की करंट पुढून मागे जातो, मग फ्यूज पुढेच हवा. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. एका मुक्कामाला कच्च्या रस्त्याने पोहोचलो, कूलंट बघायला बॉनेट उघडलं आणि आपटून बंद केलं. दोन मिनिटांनी प्लास्टिक जळल्याचा वास. इंजिन बंद, चावी माझ्या खिशात, आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या गालिच्यातून धूर.

भोकातला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं कडं) हादऱ्यांनी केव्हाच निसटला होता. पत्र्याच्या कडेने केबलचं कवच रोज थोडं थोडं कापलं जात होतं, त्या आपटण्याने उरलंसुरलंही गेलं. मागची बॅटरी थेट बॉडीला शॉर्ट. कवच मेणबत्तीसारखं ओघळत होतं आणि आतली तांब्याची तार काळीनिळी पडली होती. १०चा पाना हाताशी होता म्हणून मागचं टर्मिनल सुटलं. ते सुटेपर्यंत तळहाताला फोड आले होते. नंतर पुढचा फ्यूज काढून पाहिला. शाबूत. रिले उघडा होता, त्यामुळे पुढच्या बाजूने काहीच वाहिलं नव्हतं. सगळी आग मागून आलेली.

बॅटरी म्हणजे टाकी नव्हे, ती स्वतः उगम आहे. त्या लांब केबलला दोन्ही टोकांना उगम आहे, म्हणून दोन्ही टोकांना फ्यूज, आणि तोही टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा उघडाच असतो, त्याला कोणी वाली नाही, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. आणि फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नव्हे. वायर किती सोसते ते बघून फ्यूज ठरवायचा. माझ्या गाडीत तेव्हापासून मागच्या बॅटरीच्या खोक्याला १०चा पाना दोरीने बांधलेला असतो. तोंड सोडून सगळ्या पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला.

आता तुमचा हिशोब. ४५ वॅटचा फ्रिज चालू असताना चारेक ॲम्पियर घेतो. तो सतत चालत नाही, गरम दिवसात साधारण ४० टक्के वेळ चालतो असं धरा. चोवीस तासांत ३८ ॲम्पियर-अवर. दिवे अडीच, रेकॉर्डर अडीच, फोन आणि लॅपटॉप मिळून पाच. दिवसाला ४८. तुमचा मुक्काम साठेक तासांचा, म्हणजे अडीच दिवस. एकूण १२०.

१०० ॲम्पियर-अवरची एजीएम (सीलबंद लेडची) बॅटरी घेतलीत तर त्यातले ५०च वापरायचे. लेडची बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे एक दिवस झाला की संपली. दोन एजीएम घेतल्या तर साठ किलोच्या घरात वजन आणि तरी पुरणार नाही. तुमचं ‘गाडी हलत नाही’ हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. पायवाट रोज गाडी हलवतात, म्हणून त्यांचं साध्या बॅटरीवर भागतं.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत: १०० ॲम्पियर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, आणि जोडीला सोलर. लिथियममधले ८० ते ९० निर्धास्त वापरता येतात, वजन बारा-तेरा किलो. उरलेले तीस-चाळीस पॅनेलने भरून काढायचे. सोलरचं ‘कवडसा’ माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, त्यांनी धागा पाहिला तर.

लिथियम बॉनेटखाली मात्र बिलकूल नको, ज्याने कोणी सांगितलं त्याने चूक सांगितलं. तिथला उष्मा तिला सोसत नाही. लेडलासुद्धा सोसत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की लेडच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. लिथियम केबिनमध्ये, मागे, खाली ठेवा. दुसरं पथ्य थंडीचं: ० अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आतले सेल कायमचे बिघडतात. तुमच्याकडे पहाटे दंव गोठतं म्हणता, तर कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) आतच असलेली बॅटरी घ्या. वीज काढून घ्यायला थंडीत हरकत नसते.

जोडायचं कसं? लिथियमला नुसता रिले लावू नये. ती मिळेल तेवढा करंट ओढते, इंजिन कमी वेगात असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) त्याने भाजून निघतो. डीसी-टू-डीसी चार्जर (पुढच्या बॅटरीवरून मागची भरणारा) बसवा, २५ ॲम्पियरचा पुरे. तो ठरलेलाच करंट घेतो आणि बॅटरीला लागेल ते व्होल्टेज, लिथियमला १४.२ ते १४.६, स्वतः तयार करतो. उलट दिशेने काही जाऊ देत नाही, त्यामुळे मागची पूर्ण रिकामी झाली तरी सकाळी गाडी सेल्फ मारणार.

चार वर्षांची गाडी म्हणजे अल्टरनेटर ‘स्मार्ट’ असण्याची दाट शक्यता आहे. एवढं करून बघा: गाडी वीस मिनिटं फिरवून आणा, इंजिन सुरू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावा. १३.८ ते १४.४ दिसलं तर जुनी पद्धत. १३च्या खाली दिसलं तर स्मार्ट. पुढची बॅटरी भरली की तो इंधन वाचवायला व्होल्टेज पाडतो. मग रिलेला वाटतं इंजिन बंद झालं, आणि तो चालू प्रवासात जोड तोडतो.

आता इन्सुलिनबद्दल, माझ्या आईलाही लागायचं म्हणून लिहितो. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. या फ्रिजमध्ये आतल्या भिंतीला लागून ठेवलं तर तिथे ते गोठू शकतं. डबा मधोमध ठेवा, टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि आत वेगळं थर्मामीटर ठेवा. वापरात असलेलं पेन मात्र ३० अंशांच्या खाली बाहेरही चार आठवडे टिकतं, बहुतेक प्रकारांत. तुमच्या बाबांचं कोणतं आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या. चांगलं वायरिंग केलं तरी औषध एकाच फ्रिजच्या भरवशावर ठेवू नये.


रातवा

तारजोड दादा, दोनदा वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं. गोठण्याचं आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही मुद्दाम भिंतीला चिकटवून ठेवत होतो, ‘जास्त गार’ म्हणून. डॉक्टरांना विचारलं: उघडलेलं पेन चार आठवडे बाहेर चालेल, उन्हात ठेवू नका.

मोजमाप केलं. गार इंजिन सुरू केल्या केल्या १४.३. वीस मिनिटं फिरवल्यावर १२.६. हेडलाइट लावले तर १३.१. म्हणजे स्मार्टच ना? पुढच्या बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक लहानसा काळा चौकोनी डबा आहे, त्यातून बारीक वायर निघते. त्याला हात लावलेला नाही.

पुढच्या बॅटरीपासून मागच्या सीटमागच्या जागेपर्यंत दोरीने मोजलं, वळणांसकट साडेपाच मीटर. एकाने त्याच्याकडे पडून असलेलं वायरिंग किट दिलंय. त्यात ६ एमएमची लाल वायर आहे, पाकिटावर ‘५० ॲम्पियर’ छापलंय. ती चालेल का? चालली तर एक काम कमी.


तारजोड

स्मार्टच आहे. डीसी-टू-डीसी घेताना इग्निशनची वायर जोडायची सोय असलेला घ्या. चार्जर मग व्होल्टेजवरून अंदाज बांधत बसत नाही, चावी चालू की काम चालू.

तो काळा डबा बॅटरी सेन्सर. येणारा-जाणारा सगळा करंट त्यातून जातो आणि त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटरला हुकूम देतो. म्हणून नव्या कोणत्याही वस्तूचं मायनस थेट बॅटरीच्या खांबाला लावू नका. बॉडीला लावा. थेट लावलंत तर सेन्सरला वळसा बसतो आणि कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो.

आता ती वायर. नको. आकडा मांडून दाखवतो. तांब्याचा रोध धरायचा ०.०१७५, गुणिले लांबी मीटरमध्ये, भागिले जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. मागे २५ ॲम्पियर १४.४ व्होल्टने द्यायचे तर चार्जर पुढून ३२च्या आसपास ओढणार. साडेपाच मीटर, ६ चौरस मिलिमीटर: ०.०१६ ओहम, गुणिले ३२, अर्धा व्होल्ट. तुमच्या अल्टरनेटरपाशी मुळात १२.६, मागे पोहोचणार १२.१. चार्जर ते भरून काढायला आणखी करंट ओढतो, वायर आणखी तापते, आणि इनपुट फार खाली गेलं की थांबतोच. तीच लांबी १६ची घेतली तर ०.२ व्होल्ट. १०ची चालली असती, पण साडेपाच मीटरसाठी हात आखडू नका. वायर एकदाच ओढायची असते.

शिवाय ‘६ एमएम’ म्हणजे काय, तेही तपासायला हवं. गाड्यांच्या वायरीत पुष्कळदा कवचासकट बाहेरचा व्यास छापतात. आत तांबं साडेचार-पाच चौरस मिलिमीटरच निघतं. आणि ते तांबंच आहे का? टोक सोला, एक बारीक तार नखावर धरा आणि ब्लेडने हलकेच खरवडा. आतून लाल निघाली तर तांबं. पांढरी चमकली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहतं, आणि लगमध्ये (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीत) दाबलं की काही महिन्यांत सैल पडतं. ‘५० ॲम्पियर’ छापलेल्या कितीतरी वायरी अशा पांढऱ्या निघालेल्या पाहिल्या आहेत.

केबल घ्याल ती बारीक तारांची, मऊ. लगला क्रिम्पिंग करा, षटकोनी दाबाच्या हत्याराने. स्वतःचं नसेल तर लांबी मोजून टोकं बाहेर दाबून घ्या. लग सोल्डर करू नका. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो आणि हादऱ्याने नेमका तिथेच तुटतो. क्रिम्प झाल्यावर दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढा. निसटलं तर बरं झालं, घरीच निसटलं. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी).

भोकात ग्रोमेट. केबल पूर्ण लांबी कोरुगेटेड पाइपमध्ये, एक्झॉस्ट आणि स्टिअरिंगच्या रॉडपासून दूर, वीत-वीतभर अंतरावर क्लिप. ग्रोमेटच्या दोन्ही बाजूंना एकेक क्लिप मारा, म्हणजे केबल त्या भोकात पुढे-मागे सरकणार नाही. माझ्या गाडीत ते नव्हतं.

मायनसला बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट, वरून पेट्रोलियम जेली. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला हात लावायचा नाही. नवं भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली झोपून बघा, पलीकडे इंधनाची टाकी किंवा ब्रेकची नळी असते. फ्यूज: लांब केबलला दोन्हीकडे ४०, चार्जर आणि बॅटरीच्या मधे ४०, फ्रिजला वेगळी ४ एमएमची लाइन १५च्या फ्यूजवर. फ्रिज सिगारेटच्या सॉकेटला लावू नका. तो प्लग हादऱ्याने सैल होतो, तापतो, आणि व्होल्टेज पडून फ्रिज विनाकारण बंद पडतो. स्क्रूने घट्ट बसणारा नाहीतर अँडरसन कनेक्टर लावा.

बॅटरी फरशीच्या मूळ कड्यांना पट्ट्याने बांधा. प्लायवुडला स्क्रू मारून भागत नाही. धडक बसली तर बारा किलोच्या वस्तूचा जोर वीसपटीने वाढतो, आणि तिच्यापुढे बाबा बसलेले असतात.

काम करताना अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. पुढच्या बॅटरीचं मायनस आधी सोडा, शेवटी जोडा. फ्यूज सगळ्यात शेवटी बसवायचे.


कवडसा

तारजोडांनी हाक मारली म्हणून आलो. सोलरचं थोडक्यात.

१२० वॅटचं घडीचं पॅनेल, जोडीला एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा). कडक उन्हात सहा ॲम्पियर, दिवसभरात तीस ॲम्पियर-अवर, तेही तुम्ही पॅनेल दोन-तीनदा सूर्याकडे वळवलंत तर. छतावर पक्कं बसवू नका. तुम्ही गाडी सावलीत लावणार, आणि लावायलाच हवी, नाहीतर फ्रिज दुप्पट चालेल. घडीचं पॅनेल दहा मीटर केबलने उन्हात नेता येतं. झाडाच्या एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन धाडकन कोसळतं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. बऱ्याच डीसी-टू-डीसी चार्जरांत सोलरचं इनपुट असतंच. तसा घेतलात तर कंट्रोलर वेगळा नको, फक्त पॅनेलचं व्होल्टेज त्याच्या मर्यादेत आहे ना ते बघा.

एका बाबतीत तारजोडांच्या उत्तरात भर घालतो. लिथियम किती उरली हे व्होल्टमीटरवरून कळत नाही. भरलेली असो की अर्धी, १३.२ च्या आसपासच दिसत राहते, आणि संपायला आली की एकदम कोसळते. लेडमध्ये १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, असा हिशोब तरी होता. तेव्हा शंटवाला मॉनिटर बसवा. तो आत गेलेले आणि बाहेर आलेले ॲम्पियर मोजतो. औषध अवलंबून असताना अंदाजावर राहू नये.

आणि फ्रिज आदल्या दिवशी घरच्या विजेवर गार करून, भरून न्या. रिकामा, कोमट फ्रिज जागेवर जाऊन गार करायला पहिल्याच रात्री दहा-पंधरा ॲम्पियर-अवर जातात.


पायवाट

धागा वाचून आज स्वतःची गाडी उघडली. मागच्या बॅटरीला फ्यूज नाही. सात वर्षं. उद्या बसवतो. तारजोड, मनापासून आभार.


रातवा

सात आठवड्यांनी परत लिहितेय.

किटमधली वायर खरवडली, पांढरी निघाली. १६ची आणली. सगळं काम दोन शनिवार-रविवारांत झालं, त्यातला एक अख्खा दिवस त्या भोकात ग्रोमेट नीट बसवण्यात गेला. पहिला क्रिम्प ओढल्यावर निसटला, कापून पुन्हा केला. इंजिन सुरू ठेवून पुढच्या बॅटरीच्या प्लसपासून चार्जरच्या इनपुटपर्यंत मीटर लावला: ०.२१ व्होल्ट. कागदावर काढलं होतं तेवढंच भरलं, तेव्हा फार बरं वाटलं.

पहिला मुक्काम झाला. फ्रिजचा थर्मामीटर ४ ते ६च्या मधे राहिला. सगळं मिळून चोवीस तासांत ४१ ॲम्पियर-अवर लागले, दादांच्या हिशोबापेक्षा कमी, रात्री गारवा होता. सोलरने पहिल्या दिवशी ३१ दिले, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ढग आले तर २४. चौथ्या सकाळी मॉनिटरवर ५३ टक्के. गाडी पहिल्या सेल्फला सुरू. बाबांचं एक पेन फ्रिजमध्ये मधोमध आणि एक त्यांच्या पिशवीत. पाना खोक्याला बांधलाय.

एक नवीन अडचण. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला की मुद्रणात बारीक गुणगुण येते. माईक गाडीपासून चाळीस मीटरवर असतो, कानाला तिथे काहीच ऐकू येत नाही. सगळ्या रात्रीच्या फायलींत ती आहे. फ्रिजखाली फोम घालू का?


तारजोड

रेकॉर्डर त्याच बॅटरीवरून यूएसबीने चालवताय ना? मग ती गुणगुण हवेतून नव्हे, वायरीतून येते. कॉम्प्रेसरचा कंट्रोलर आणि यूएसबीचा कन्व्हर्टर एकाच लाइनवर आहेत, मायनस एकच. फोमने फरक पडणार नाही. मुद्रण चालू असताना यूएसबी उपटा, रेकॉर्डर त्याच्या स्वतःच्या सेलवर जाऊ द्या आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट बघा. गुणगुण गेली तर रेकॉर्डर रात्री वेगळ्या पॉवर बँकेवर चालवा, ती दिवसा गाडीवर भरून घ्या.


रातवा

आत्ताच अंगणात गाडी लावून करून पाहिलं. यूएसबी उपटली, सहा मिनिटांनी कॉम्प्रेसर सुरू झाला. हेडफोनमध्ये फक्त रातकिडे.